कागद कधी ताणलास?

२०२४च्या मार्चमधल्या एका रविवारी मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि ऐटीत फोन फिरवला. माझा पॉलिटनेल, म्हणजे कमानींवर प्लास्टिक ताणून केलेला बोगदा! तीन मीटर रुंद, सहा मीटर लांब, मिरची-मेथीचं माझं स्वतःचं घर. मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाने कौतुक करण्याऐवजी विचारलं, "कागद कधी ताणलास?" (कागद म्हणजे वरचं प्लास्टिक.)

"काल. मस्त ऊन होतं, आठ अंश."

"बरं," म्हणाले आणि विषय बदलला. अण्णांचं 'बरं' आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

आम्ही स्कॉटलंडमध्ये फाइफला राहतो, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. इथे उघड्यावर मिरची लावणं म्हणजे तिचा छळच. म्हणून हा प्लास्टिकचा बोगदा. सांगाडा उभा करणं तसं सोपं असतं. जमिनीत पाइप ठोकायचे, त्यांत कमानी बसवायच्या. थोडा वारा असला तरी ते जमतं. जमीन मात्र ऐकत नाही. आमची चिकण माती हिवाळ्यात इतकी ओली असते की खोदलेला चर रात्रीतून पाण्याने भरतो, आणि त्यातच प्लास्टिकची कड गाडायची असते. अण्णा फोनवर सांगायचे, "वाफसा येऊ दे गं," म्हणजे पाणी निथळून माती कामाजोगी होऊ दे. इथला वाफसा जानेवारीत येत नाही हे त्यांना पटायला एक महिना गेला.

खरी परीक्षा कागद चढवण्याची. गार प्लास्टिक आखडलेलं असतं, उन्हात ते पसरतं. वीस अंशांचा फरक पडला की सहा मीटरमागे दोन-अडीच सेंटीमीटरची ढील येते. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जूनमध्ये माझा टनेल इस्त्री न केलेल्या लेंग्यासारखा दिसायला लागला. वारा आला की फडफड, आणि प्रत्येक फडफडीत कागद कमानीवर घासला जायचा. मी 'बघू नंतर' म्हणत उन्हाळा काढला. मिरच्या लागल्या होत्या ना!

मग २४ जानेवारी २०२५. एओवीन वादळ. २०१५पासून इथलं हवामानखातं वादळांना नावं देतं, त्यामुळे ओळखीचं कुणीतरी नुकसान करून गेल्यासारखं वाटतं. आयर्लंडमध्ये वारा ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला, इकडे ग्लासगो-एडिनबरापर्यंत लाल इशारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि ढिला कागद म्हणजे शीडच. दुसऱ्या दिवशी कमानी जागेवर होत्या. कागद मात्र मधल्या कमानीवरून उभा फाटला होता. जिथे घासत होता तिथेच.

नवा कागद आणला आणि ठरवलं, आता उबदार, निवांत दिवस बघूनच चढवायचा. तोच तर इथे मिळत नाही. पश्चिमेचा वारा ऊब आणतो पण धिंगाणा घालतो. वारा पडतो तेव्हा समुद्रावरून धुकं येतं, त्याला इकडे 'हार' म्हणतात. (नावातच निकाल.) हार आली की मे महिन्यातसुद्धा स्वेटर. आणि आकाश निरभ्र असलं तर दुपारी जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो. म्हणजे ऊनच वारा घेऊन येतं! शेजारच्या वाफ्यावरचे आजोबा म्हणाले, सकाळी नऊला कागद कमानींवर टाकायचा, अकरापर्यंत तापू द्यायचा, आणि वारा सुटायच्या आत ताणून गाडायचा. मुहूर्त दोन तासांचा.

त्यात २०२५चा वसंत ब्रिटनमध्ये विक्रमी उन्हाचा. पाऊस जवळजवळ नाहीच. ज्या चरात पाणी साचायचं तिथली माती आता फावडं परतवून लावत होती. आदल्या संध्याकाळी बादल्यांनी पाणी ओतून भिजवली. इथे मेमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणून जमलं.

तो शनिवार. पहाटे हार, साडेआठला ती विरली, झाडाचं पान हलत नव्हतं. नवरा एका बाजूला, मैत्रीण दुसऱ्या, मी कमानींवर फोमची पट्टी चिकटवत. उन्हात लोखंड तापून कागद तिथे जीर्ण होतो, म्हणून ती पट्टी. अकरा वाजता प्लास्टिक हाताला कोमट आणि मऊ लागलं. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं, मी दाराच्या चौकटीवर चुण्या घालून लाकडी पट्ट्या ठोकल्या, चर बुजवून त्यावर नाचलो. शेवटचं ढेकूळ टाकलं तेव्हा मानेवर पहिली झुळूक आली.

अण्णांना फोन लावला.

"किती अंश?"

"एकोणीस."

"वाजवून दाखव."

मी फोन कागदाजवळ धरला आणि टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग म्हणाले, "दारं लावत जा रात्री."