४५ डिग्रीत अल्पाका कातताना

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियाहून आली आणि बॅगेतून एक फुगलेली पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली, म्हणे घे ताई, तुझ्यासाठी अल्पाकाची लोकर, अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातला एक केसाळ प्राणी. नागपुरात, एप्रिलमध्ये! शेजारच्या हिंदीवाल्या भाभी आल्याच होत्या, त्यांनी विचारलं क्या लायी है, बहीण म्हणाली ऊन, तर आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले ऊन तर इथे फुकट आहे ना बापा, तिकडून कशाला आणलं.

तर माझा अनुभव लिहिते, कोणाला हातानं कातायचं असेल तर उपयोग होईल.

बहीण राहते त्या गावाजवळ एक बाई अल्पाका पाळतात आणि त्यातल्याच एका नराच्या लोकरीला फ्लीस शोमध्ये रिबन मिळाली होती. मला वाटलं शो म्हणजे प्राण्याला सजवून फिरवतात, आपल्या पोळ्यासारखं. ती म्हणाली तसाही एक शो असतो पण यात प्राणी नसतोच, फक्त कापलेली लोकर पिशवीत घालून पाठवायची, वर नंबर, जजला मालक कोण ते कळत नाही. न धुता पाठवायची हे ऐकून मी नाक मुरडलं, पण धुतली की तिची मूळ ठेवण मोडते म्हणे. पाठीवरची आणि कुशीची तेवढीच द्यायची, पाय-पोट-मान बाजूला, आणि त्याआधी जाळीच्या टेबलावर पसरून काडीकचरा आणि जाड केस तासन् तास निवडत बसायचं. हे मात्र मला लगेच समजलं, तूर निवडण्यात आयुष्य गेलंय.

लोकर मिलमधून धुवून विंचरून आलेली होती, लांबच्या लांब पेळू, बदामी रंगाचा, ४०० ग्रॅम. सोबत त्या मार्कांच्या कागदाची आणि टेस्ट रिपोर्टची झेरॉक्स. १०० पैकी मार्क, त्यात बारीकपणा आणि स्पर्श, एकसारखेपणा, रंग, लांबी, चमक, वजन असं सगळं वेगवेगळं. जज एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ ताणतो आणि तडकल्याचा आवाज आला की मार्क गेले. प्राणी मधे आजारी पडला किंवा उपाशी राहिला असेल तर तेवढ्या जागी केस कमजोर होतो आणि तिथेच तुटतो. रिपोर्टवर केसाची सरासरी जाडी १८.९ मायक्रॉन लिहिलेली, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला डोक्याचा केस याच्या तीन-चार पट जाड असतो. आणि ३० मायक्रॉनच्या वरचे केस जवळपास नाहीतच, तेच टोचतात.

मला हे सगळं थोडं शो-बाजीच वाटलं खरं सांगू तर. मायक्रॉन मोजून का स्वेटर गरम होतो?

मग बसले कातायला. आईचा पेटी चरखा आहे माझ्याकडे, आई वर्ध्याची, तिचं सूतकताईवर फार प्रेम. पण कापसाचा तंतू इंचभर, हा बोटभर लांब, आणि पेटी चरख्याची चाती, म्हणजे सूत गुंडाळणारी सळई, अशी भिरभिरते की मी हात मागे नेईपर्यंत पीळ चढून चढून सुतळी झाली, तीही गाठी गाठींची. दुसरा प्रॉब्लेम म्हणजे मेंढीच्या लोकरीत जो चिकट तेलकटपणा असतो तो यात जवळजवळ नसतोच, त्यामुळे तंतू सुळकन निसटतात, पीळ कमी पडला की धागा हातात आणि चाती तिकडे. एक अख्खी संध्याकाळ मी तुटलेली टोकं जोडत बसले होते, बहीण व्हिडिओ काढत होती आणि मी तिला शिव्या देत होते.

शेवटी चरखा ठेवून दिला. एक लाकडी दांडी, त्यात लेकाच्या लग्नाची एक जास्तीची सीडी अडकवली, वर हूक, झाली मोठी तकली. ही सावकाश फिरते, तेच पाहिजे होतं. धागा निघायला लागला पण मे उजाडला आणि नवीन तमाशा, हवा इतकी कोरडी की पेळूला हात लावला की तंतू उभे राहायचे, साडीला चिकटायचे, तोंडात जायचे. मग सुचलं की कूलरसमोर बसावं. कूलरच्या ओल्या हवेत तंतू गपगार. दुपारी एक ते चार, खसचा वास आणि गरगर फिरणारी सीडी, सासूबाई खाटेवरून रोज एकदा विचारायच्या, काय करून राहिली वं तू एवढ्या उन्हात?

आणि इथेच मला तो एकसारखेपणाचा कॉलम कळला. पेळू ओढताना हाताला कुठे अडखळत नाही, जाड केस मधे येऊन सगळी ओळ बिघडवत नाही, तंतू एकामागे एक सरकत राहतात. सवयीसाठी बहिणीनं पायाकडची थोडी लोकर पण आणली होती, ती मुद्दाम कातून बघितली तर दर वीतभर अंतरावर एक राठ केस धाग्यातून बाहेर डोकावतो, कितीही पीळ द्या बसत नाही, आणि गळ्याला लावला तर चावतो. जजची बोटं हेच शोधत असणार.

मी बहिणीला विचारलं की मग सगळेच असे अल्पाका का नाही तयार करत. ती म्हणाली मादीला साडेअकरा महिने दिवस जातात आणि पिल्लू एकच, म्हणजे पिढी पुढे सरकायलाच वेळ. आपल्याकडे गाईला कृत्रिम रेतन गावोगाव होतं, इथे ते सहज जमत नाही कारण नराचं वीर्य फार चिकट असतं आणि मादीचं बीज समागमानंतरच सुटतं. म्हणून काही ठिकाणी चांगल्या मादीचे भ्रूण काढून साध्या माद्यांच्या पोटात वाढवतात, आणि बाकी सगळा हिशेब टेस्ट रिपोर्टवर, कोणाच्या पिल्लांची लोकर वय वाढलं तरी बारीक राहते ते बघायचं. कारण वयाबरोबर ती जाडी होतेच.

जूनपर्यंत कातून झालं, मग दोन धागे उलट्या दिशेने एकत्र पिळले, लड्या केल्या, कोमट पाण्यात शाम्पू घालून भिजवल्या. पाण्यात चोळायचं नाही, हे मी पहिल्या लडीला विसरले आणि तंतू गुंतून तिचा घट्ट नमदा झाला, तो आता पोळपाटाखाली असतो.

दिवाळीपर्यंत ह्यांच्यासाठी मफलर विणला. विणताना साडेपाच फूट होता, वापरून वापरून सहाच्या वर गेला, अल्पाकाला मेंढीच्या लोकरीसारखं परत आकसणं माहीत नाही, लटकला की लटकला. पुढच्या वेळी सुया एक नंबर बारीक घेईन. डिसेंबरात अंबाझरीला सकाळी फिरायला जाताना हे तीन वेढे घालून जातात आणि भेटेल त्याला सांगतात, रिबनवाला आहे.

जानेवारीत बहिणीचा फोन आला, त्याच नराची यंदाची लोकर २१ मायक्रॉनच्या वर गेली, पाऊस चांगला झाला, गवत भरपूर, खाऊन खाऊन लोकर जाडी झाली आणि रिबन गेली. मी म्हटलं दिवाळीचे चार दिवस माहेरी राहून आलं की माझंही तेच होतं. पाठव तरी, २१ चालेल आम्हाला, फक्त यावेळी जुलैत पाठव, कूलर काढावा लागणार नाही.