अठराव्या स्लाइडवरून पुन्हा पहिल्या स्लाइडवर

प्लांटच्या ट्रेनिंगसाठी एलएमएस, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवून त्यांच्या नोंदी ठेवणारी सिस्टीम, निवडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी आधी फीचर्सची भलीमोठी यादी केली. निवड करताना ती फारशी उपयोगी पडली नाही. खरा निकाल लागला तो एका ऑपरेटरच्या प्रश्नाने.

तीन व्हेंडरांचे डेमो पाहिले. तिन्हींचे डॅशबोर्ड देखणे होते, बॅज होते, लीडरबोर्ड होते. आम्हाला शिकवायचं होतं लॉकआउट-टॅगआउट: मशीन बंद करून, कुलूप आणि टॅग लावल्याशिवाय आत हात घालायचा नाही. त्यामुळे मी व्हेंडरांचा नमुना कोर्स नको म्हटलं आणि आमचाच सगळ्यात लांबलचक कोर्स चढवायला लावला. चाचणीही ऑफिसात न घेता लाइनशेजारच्या सामायिक टॅबवर, चालू शिफ्टमध्ये घेतली.

पहिल्या सिस्टीमवर एक ऑपरेटर अठराव्या स्लाइडपर्यंत पोहोचला आणि त्याला मशीनवर बोलावणं आलं. अर्ध्या तासाने परत येऊन त्याने कोर्स उघडला, तर समोर पहिली स्लाइड. "मॅडम, हे परत पहिल्यापासून आलं. आता नुसतं नेक्स्ट नेक्स्ट करत जाऊ का?"

मला ते फार लागलं. एकोणिसावी स्लाइड उरलेल्या ऊर्जेची आहे. वीज तोडली तरी दाबलेली हवा, ताणलेली स्प्रिंग, वर उचललेला भाग यांत ऊर्जा शिल्लक असते आणि ती सोडल्याशिवाय मशीन सुरक्षित होत नाही. नेमकी तीच स्लाइड भरभर नेक्स्ट दाबणाऱ्याच्या हातून निसटली असती.

कारण शोधायला दोन दिवस गेले. कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी बोलतात ते स्कॉर्म नावाच्या मानकातून. आमचा कोर्स २००१ च्या स्कॉर्म १.२ मध्ये पब्लिश केलेला होता. शिकणारा कुठवर आला, कोणती उत्तरं दिली, ही नोंद ठेवायला त्यात 'सस्पेंड डेटा' नावाची जागा असते आणि तिची मर्यादा ४,०९६ अक्षरांची. आमच्या कोर्समध्ये प्रत्येक क्लिक आणि प्रत्येक उत्तर नोंदलं जात होतं, त्यामुळे अठराव्या स्लाइडपर्यंत जागा भरून गेली. त्या पहिल्या एलएमएसने मर्यादेपलीकडचा मजकूर कापून टाकला, अर्धवट नोंद कोर्सला वाचता आली नाही आणि तो पहिल्यापासून सुरू झाला. दुसऱ्या सिस्टीमने मर्यादेपलीकडचं साठवून घेतलं, म्हणून तीच फाइल तिथे सुरळीत चालली. स्कॉर्म २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही मर्यादा ६४,००० अक्षरांची आहे. तेव्हा व्हेंडर "स्कॉर्म चालतं" म्हणाला तर तेवढ्यावर थांबू नका. कोणतं, कोणत्या आवृत्तीपर्यंत, हे विचारा आणि स्वतःची फाइल चालवून बघा.

१.२ ची आणखी एक अडचण आहे. त्यात कोर्स पूर्ण झाला का आणि परीक्षेत पास झाला का, या दोन्हींसाठी स्टेटसचा एकच रकाना असतो. स्कॉर्म २००४ मध्ये ते वेगळे झाले. आम्हाला दोन्ही वेगळे हवेच होते, कारण सगळ्या स्लाइड पाहून नापास झालेल्या माणसाला मशीन उघडू देता येत नाही.

लॉगिनचा प्रश्न लवकर सुटला. आमच्या ऑपरेटरांना कंपनीचा ईमेल नाही, म्हणून पासवर्ड रीसेटची लिंक ईमेलवरच पाठवणारी सिस्टीम डेमोआधीच बाद. मूडल या एलएमएसचाही विचार केला. ते २००२ पासून आहे, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. पण सर्व्हर, अपडेट आणि बॅकअप सांभाळायला हक्काचा माणूस लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. असता, तर मी तेच घेतलं असतं.

मी सगळ्यात जास्त अडून बसले ते जुन्या नोंदींसाठी. ऑडिटर विचारतो की अमुक माणसाने अमुक दिवशी मशीन उघडलं, तेव्हा त्याचं ट्रेनिंग वैध होतं का आणि त्याने कोर्सची कोणती आवृत्ती केली होती. तिसऱ्या सिस्टीममध्ये दरवर्षीचं ट्रेनिंग पुन्हा दिलं की मागच्या वर्षीची तारीख आणि गुण पुसले जायचे. "सेटिंगमध्ये बघू" असं उत्तर मिळालं, पण ते सेटिंग शेवटपर्यंत सापडलं नाही. राहिलेल्या दोन व्हेंडरांकडे मी चाचणीतल्या सगळ्या नोंदी सीएसव्हीत, म्हणजे कुठेही उघडता येणाऱ्या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, मागितल्या. उद्या सिस्टीम सोडायची वेळ आली तर हातात काय येईल, ते करारावर सही करण्याआधीच पाहायचं होतं. एकाने त्याच दिवशी फाइल दिली, त्यात प्रत्येक प्रयत्न वेगळ्या ओळीत होता. हीच ती दुसऱ्या क्रमांकाची सिस्टीम आणि आम्ही तीच घेतली.

कोर्स स्कॉर्म २००४ मध्ये पुन्हा पब्लिश केला आणि त्याच ऑपरेटरला बसवलं. याही वेळी त्याला मधेच उठावं लागलं. परत आला तेव्हा एकोणिसावी स्लाइड उघडली. ती वाचून त्याने शेजारच्या फिटरला हाक मारली, "दादा, आपल्या प्रेसची हवा कुठून सोडायची?" दोघं टॅब तसाच ठेवून व्हॉल्व्ह बघायला गेले.