लातूर ते जाधववाडी: रात्रीची खेप आणि झोपेचा हिशोब

जानेवारीतली खेप. लातूरच्या डाळमिलमधून तूरडाळ भरायची आणि सकाळी मोंढा, म्हणजे धान्याचा घाऊक बाजार, उघडायच्या आत संभाजीनगरला जाधववाडीत गाडी लावायची. दहा टायर गाडी, सोबत नवखा क्लीनर. रस्ता अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड, आडूळ असा. बीडपासून पुढे तर चौपदरी. पूर्वी खड्डेच ड्रायव्हरला जागं ठेवायचे. आता सरळ, गुळगुळीत रस्त्यावर पेंग येते, हा नवा ताप.

रात्र बिघडते ती मात्र रस्त्यावर नाही, मिलच्या दारात. सकाळी नंबर लावायचा, हमाल येणार दुपारनंतर, आणि तोवर “आत्ता नंबर येईल” म्हणत ड्रायव्हर मोबाइल चाळत बसतो. पहाटे सहाला उठलेला माणूस रात्री नऊला स्टेअरिंगवर बसला की आधीच पंधरा तास जागा असतो. अकरा वाजता सतरा तास होतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं डोकं रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं चालतं, हे प्रयोग करून पाहिलेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के. म्हणजे नाकाबंदीत पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकलं तर शून्य येईल, गाडी मात्र पिऊन चालवल्यासारखीच चाललेली असेल.

म्हणून नंबर, बिल्टी (मालाची पावती), ताडपत्री, रस्सी सगळं क्लीनर पोराच्या गळ्यात घातलं. फोनही त्याच्याकडे दिला. काचांना चादर लावून दुपारी एकला आडवा झालो ते वजनकाट्यावर जायची वेळ झाल्यावरच उठलो. दुपारी एक ते चार अंगाला तशीही सुस्ती असते, झोप लवकर लागते. हे थंडीत जमतं. एप्रिल-मेमध्ये लातूरचा पारा चाळिशीपार गेल्यावर केबिनमध्ये झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्या त्याआधीच्या. उन्हाळ्यात लिंबाखाली बाज मिळेल असा ढाबा आधीच हेरून ठेवा.

नऊला निघालो. अंबाजोगाईच्या अलीकडे जेवण: एक भाकरी, पिठलं, कांदा. मटण-भाताचं ताट मारून निघणारे मला कधीच कळले नाहीत. तासाभरात पापण्या जड होतातच. उरलेल्या रात्रीला फुटाणे आणि पाणी पुरतं. आणखी एक, थंडीत सर्दी सगळ्यांनाच असते. मेडिकलवाल्याला “मी रात्री गाडी चालवतो” हे सांगूनच गोळी घ्या. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. आणि ढाब्यावर कोणी “जागं राहायची” गोळी पुढे केली तर हातही लावू नका. तिचा असर उतरला की झोप एकदम कोसळते.

केज सोडल्यावर पोरगा म्हणाला, “मामा, नेकनूर गेलं का हो?”

मला आठवेना. गाव मागे पडलं होतं, गतिरोधकांवर ब्रेकही मारले असतील, पण डोक्यात काहीच उरलं नव्हतं. जांभई येते, मान हिसका देते, गाडी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जाते, या खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. मागचं गाव न आठवणं हीही तशीच खूण. डोळे उघडे असतानाही मेंदू दोन-चार सेकंद बंद पडतो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंदांत ५० मीटर, कोणी चालवत नसताना. तोंडावर पाणी, उघडी काच, मोठ्याने गाणी, यांनी पाच-दहा मिनिटं मिळतात. ती गाडी लावायला जागा शोधण्यासाठीच वापरावीत.

मांजरसुंब्याला थांबलो. चौकाजवळ ढाबे रात्रभर चालू असतात. गाडी साइडपट्टीवर लावू नका, मागून येणाराही पेंगतच असतो. ढाब्याच्या आवारात, डिझेलची टाकी उजेडाकडे करून लावा. मग चहा, आणि चहा संपला की लगेच झोप. हे ऐकून पोरगा हसला. पण चहा-कॉफीचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात एक डुलकी होते आणि जाग येते तेव्हा चहा कामाला लागलेला असतो. ढाब्यावरचा एक कटिंग चहा त्याला पुरत नाही, दोन घ्या. गजर वीस मिनिटांचा. त्याहून जास्त झोपायचं तर चांगले दीड तास झोपा, मधेच उठलात तर डोकं बधिर राहतं. उठल्यावरही थेट घाट उतरू नका. मी हातोडी घेऊन दहाही टायर ठोकले, रस्सी पाहिली, दिवे पुसले, मग खालच्या गिअरमध्ये बीडकडे उतरलो.

खरी परीक्षा दोन ते पाच. पाडळशिंगी टोल गेल्यावर गेवराई ते शहागड हा ऊसपट्टा, आणि जानेवारी म्हणजे गाळप हंगाम. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, वर ऊस बाहेर लोंबणारा. कधी तर उलट्या बाजूने समोर येतो. बैलगाड्याही असतात. इथे मी ४० च्या वर जात नाही. शहागडला गोदावरीच्या पुलावर धुकं होतं, तेव्हा अप्पर (लांबचा झोत) न लावता डिपरवरच (खालच्या झोतावर) राहिलो. पोराला जागं ठेवलं. त्याचं काम एकच, दर गावाची पाटी मोठ्याने वाचायची. माझ्याकडून उत्तर उशिरा आलं की गाडी बाजूला. पाचोडला तशी ती लागलीच, आणखी वीस मिनिटं झोपलो.

मधे ट्रान्सपोर्टवाल्याचे फोन येतात, “कुठवर आलास?” १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात पाच तासांमागे अर्धा तास विश्रांती लिहिली होती. फोन करणाऱ्याला ते सांगून उपयोग नाही, त्याला निघतानाच पोचायची वेळ दीड तास वाढवून सांगा. गाडी बंद पडली, अपघात दिसला तर महामार्गाचा १०३३ नंबर पोराच्या फोनमध्येही ठेवा.

जे झोपेत जोरात घोरतात आणि पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंगतात, त्यांनी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एकदा दाखवावं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असला तर कितीही चहा प्या, फरक पडत नाही.

झाल्टा फाट्यावरून केंब्रिज चौक, सावंगी बायपास धरला आणि उजाडता उजाडता जाधववाडी. पहाटे चारनंतर चहा बंद ठेवला होता, नाहीतर सकाळची झोप जाते. गाडी रिकामी करायला पोरगा थांबला, मी गमछा डोळ्यांवर बांधून आडवा. परतीच्या भाड्यासाठी बारापर्यंत मला उठवायचं नाही, मालकाचा फोन आला तरी, एवढं त्याला बजावून ठेवलं.