ग्रीसचा व्हिसा आणि आईच्या बँकेचा गोल शिक्का

ग्रीसहून येऊन महिना झाला, फोटो बघून सगळे विचारतायत किती खर्च आला, कुठलं बेट भारी, आणि माझ्या डोक्यात अजून तो शिक्काच आहे. म्हणून आधी शिक्क्याचं सांगते, बेटांचं नंतर.

जायचं होतं तिघींना, मी, ताई आणि आई. आई शाळेत शिक्षिका होती, आता वय एकोणसत्तर, विमानात बसलेली ती एकदाच, तेही नागपूरपर्यंत. ग्रीस तिनेच निवडलं. "तीस वर्षं पोरांना नकाशात एजियन समुद्र दाखवला, आता मला बघू दे." बरं. तारखा सप्टेंबर अखेरच्या धरल्या, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे ऊन इतकं चढतं की काही दिवस अॅक्रोपोलिससुद्धा (अथेन्समधली प्राचीन देवळांची टेकडी) भर दुपारी बंद ठेवतात, आणि त्याच दिवसांत उत्तरेकडून मेल्टेमी वारा सुटतो, तो जोरात असला की बोटी रद्द. अथेन्स चार रात्री, मग दोन बेटं, नॅक्सोस तीन आणि सँटोरिनी दोन, शेवटची रात्र परत अथेन्स. शेवटची रात्र बेटावर ठेवू नकाच, बोट चुकली तर विमानही गेलं.

व्हिसाचा फॉर्म, इन्शुरन्स (किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं), हॉटेलची बुकिंग्ज, हे सगळं ताईने एका रात्रीत उरकलं. फी माणशी ९० युरो, रुपयांत भरायची, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा. शेंगेन व्हिसाला (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आम्ही मात्र "अजून वेळ आहे" करत करत ऑगस्टची अपॉइंटमेंट घेतली. इथे चुकलो.

केंद्रात काउंटरवरच्या मुलीने माझी फाइल बघितली, ताईची बघितली, ओके. आईच्या फाइलवर थांबली. "आजींच्या स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणि सही नाहीये. प्रत्येक पानावर लागते." आजी म्हटल्यावर आईचा चेहरा आधीच उतरलेला. आईचं पेन्शनचं स्टेटमेंट मी नेटवरून काढलं होतं आणि खाली स्पष्ट छापलेलं की ही संगणकीय प्रत आहे, सहीची गरज नाही. मी ती ओळ बोटाने दाखवली. ती म्हणाली, मॅम मला कळतंय, पण चेकलिस्टमध्ये आहे. असंच द्यायचं असेल तर कागद अपुरे असल्याचं लिहून सही करा, नाहीतर परत या. निर्णय दूतावास घेतो, केंद्र फक्त कागद गोळा करतं, हे मला माहीत होतं, तरी घाबरलो आणि परत यायचं ठरवलं. पुढची अपॉइंटमेंट नऊ दिवसांनी.

नऊ दिवस म्हणजे भरपूर वाटतात ना. त्यात एक दुसरा शनिवार, एक रविवार आणि पंधरा ऑगस्ट.

आईची बँक स्टेशनजवळ, घरापासून चालत दहा मिनिटं. पहिल्या दिवशी खिडकीवरचे साहेब म्हणाले आता सगळं ऑनलाइन झालंय, आम्ही शिक्का मारत नाही. म्हटलं व्हिसावाले मागतात. "मग त्यांना सांगा की बँक देत नाही." म्हणजे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, आणि मध्ये मी, ऑफिसातून हाफ डे टाकून. दुसऱ्या खेपेला सांगितलं शिक्का मॅनेजरच्या कपाटात आणि मॅनेजर ट्रेनिंगला. तिसऱ्या खेपेला एकाला दया आली, त्याने प्रिंट काढून दिली आणि धडाधड शिक्के मारले, मी थँक्यू थँक्यू करत बाहेर, रिक्षात बसून बघते तर लांबट शिक्का, त्यावर तारीख आणि "प्राप्त". म्हणजे आवक टपालाचा! आमचंच स्टेटमेंट आमच्याकडून बँकेला मिळालं.

आणि तेव्हाच दुसरं लक्षात आलं. पासपोर्टवर आईच्या नावामध्ये बाबांचं नाव पूर्ण आहे, बँकेत नुसतं आद्याक्षर. आपल्याकडच्या बायकांचं हे ठरलेलं दुखणं, कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं, कुठे मधलं नावच गायब. तुमच्याही आईचं असं असेल तर बँकेच्या लेटरहेडवर "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं पत्र शिक्क्यासोबतच मागा, दोन खेपा वाचतील.

चौथ्या खेपेला आई म्हणाली मी येते. साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन मॅनेजरच्या समोरच्या खुर्चीत बसली. "तुमचं काम चालू द्या, मी बसलेय." आवाज अजिबात चढवला नाही. पंधरा मिनिटं त्यांनी फोन घेतले, मग ड्रॉवर उघडून गोल शिक्का काढला. इंकपॅड वाळलेलं. शिपायाने पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून दोन थेंब टाकले, अंगठ्याने दाबून पसरवले. पानं चौदा. साहेब एकेक शिक्का मारून सही करतायत आणि आई शेजारून मोजतेय, वह्या तपासल्यासारखी. सातव्या पानावर म्हणाली, "हा अर्धाच उमटलाय, परत मारा." त्यांनी निमूट परत मारला. पत्रही मिळालं, त्यात स्पेलिंगची एक चूक होती, ती आईनेच शोधली आणि नवीन काढून घेतलं.

दुसऱ्या अपॉइंटमेंटला काउंटरवर वेगळा मुलगा होता. त्याने आईच्या स्टेटमेंटचं फक्त पहिलं पान बघितलं आणि ठेवून दिलं. चौदा पानं! मला तिथेच ओरडावंसं वाटत होतं. बारा दिवसांनी तिघींचे पासपोर्ट कुरियरने आले, व्हिसा लागलेला, आईने देवापुढे ठेवला वगैरे.

आता राहिलेलं, आठवेल तसं. बोटीचे पैसे व्हिसाच्या आधी भरायची घाई करू नका, आम्ही पासपोर्ट हातात आल्यावरच तिकिटं काढली. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून नॅक्सोसला साधी मोठी बोट पाच-साडेपाच तास घेते, पण डेकवर ऐसपैस बसता येतं, फास्ट बोट महाग आणि वाऱ्यात जास्त उडते. आईला भाऊच्या धक्क्याची लाँच आठवत होती, ही बोट बघून गप्पच झाली. विमानतळावरून पिरेअस बंदरापर्यंत थेट मेट्रो आहे, टॅक्सी नको. अॅक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, सकाळी आठचा घ्या, आणि बूट चांगल्या ग्रिपचे, तिथला संगमरवर लोकांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की कोरड्यातही घसरतो. ज्यांना चढताच येत नाही त्यांच्यासाठी लिफ्ट आहे, आईने "मला कशाला" म्हणून नाकारली आणि वरच्या मुख्य देवळासमोर, पार्थेनॉनसमोर, अर्धा तास बसून राहिली. पण तिला जास्त आवडला नॅक्सोसचा पोर्तारा, अडीच हजार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेल्या देवळाचा नुसता दरवाजा, समुद्राकडे तोंड करून उभा. सँटोरिनीला मात्र गर्दी, महागाई आणि पायऱ्या, एक रात्र पुरली असती.

अथेन्सला उतरल्यावर इमिग्रेशनच्या माणसाने आईच्या पासपोर्टवर शिक्का मारला, आणि बाहेर येऊन तिने पहिली गोष्ट काय केली तर पान उघडून तो नीट उमटलाय का ते बघितलं.

हां, फोटो राहिला. ३५ बाय ४५ मिलिमीटर, मागे पांढरं. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने न विचारता अमेरिकेच्या साइजचे चौकोनी काढून दिले होते, ते आठ फोटो अजून ड्रॉवरमध्ये पडलेत.