फ्लॅगस्टाफच्या पाइनवनातील विरळणी

वनसंवर्धन म्हणजे वृक्षारोपण असे समीकरण मनात घट्ट बसलेल्या माझ्यासारख्या मराठी माणसाला ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफभोवतीच्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलातले काम आधी खटकते, कारण तेथे जंगल सावरण्यासाठी झाडे तोडली जातात आणि मग मुद्दाम आग लावली जाते.

एखाद्या जुन्या पाँडेरोसाचा खुंट जवळून पाहिला, तर त्याच्या एका अंगाला राळेने माखलेली त्रिकोणी खाच दिसते आणि तिच्या कडेच्या वर्षवलयांत एकामागून एक काळे व्रण आढळतात. प्रत्येक व्रण म्हणजे एक वणवा. त्यांवरून कळते की पूर्वी साधारण 2 ते 20 वर्षांच्या अंतराने येथे गवतातून सरपटत जाणारी आग येई. तिच्यात कोवळी रोपे जळत, जाड सालीची थोरली झाडे मात्र तगत. 1870 च्या दशकापासून मेंढ्या-गुरांनी हे गवत फस्त केले, 1882 साली रेल्वे आल्यावर चराई बेसुमार वाढली आणि पुढे वनखात्याने प्रत्येक वणवा विझवण्याचा चंग बांधला. त्यातच 1919 साली मुबलक बी आणि ओलावा असा योग जुळून असंख्य रोपे एकदम रुजली. जेथे एकरी जेमतेम पंचवीस झाडे होती, तेथे शेकडो काटकुळी झाडे दाटली. अशा दाटीत आग जमिनीवर न राहता शेंड्यांवरून धावते. 2002 च्या रोडिओ-चेडिस्की वणव्याने साडेचार लाखांहून अधिक एकर व्यापले.

नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाचे वॅलेस कव्हिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात फोर्ट व्हॅली येथे विरळणीचे प्रयोग केले. जुनी झाडे राखायची, जुन्या खुंटांच्या जागी जवळची काही तरुण झाडे ठेवायची, बाकीची काढायची आणि नंतर जाळणी करायची, अशी ही पद्धत आहे. जाळणीपूर्वी वृद्ध झाडांच्या बुंध्याशी शतकभर साचलेला सुयांचा थर दाताळ्याने बाजूला ओढावा लागतो, नाहीतर तो तासन्‌तास धुमसून मुळेच भाजून काढतो. एरवी आगीला दाद न देणारे झाड या धगीने मरते.

खरी अडचण पैशांची आहे. बारीक लाकडाला गिऱ्हाईक नसल्याने चार राष्ट्रीय वनांतल्या 24 लाख एकरांवर असेच काम करण्याची ‘फोर फॉरेस्ट’ योजना रखडत चालली आहे. फ्लॅगस्टाफच्या मतदारांनी मात्र 2012 साली पाणलोटातील विरळणीसाठी 1 कोटी डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. 2010 च्या शुल्झ वणव्यानंतर उघड्या पडलेल्या उतारांवरून शहराजवळच्या वस्तीत घुसलेला पूर त्यांनी पाहिला होता. जाळणीच्या दिवसांतल्या धुराबद्दल लोक कुरकुरतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण नुसती विरळणी करून जाळणी टाळली, तर काही वर्षांत तेथे पुन्हा रोपांची दाटी होईल.