फुल रेंज, पण फोनच लागेना: अण्णांचा नंबर पोर्ट करतानाचा माझा अनुभव

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढे. मेन रोड सोडून खाली उतरलं की वाडी. अण्णा म्हणजे माझे वडील, ते रिटायर झाल्यावर आई-अण्णा दोघं डोंबिवलीचं घर बंद करून तिकडेच राहायला गेले आणि तेव्हापासून आमच्या डोक्याला एकच ताप, फोन. अण्णांचं सिम मुंबईत असताना घेतलेलं, कितीतरी वर्षं जुनं, आणि त्या कंपनीची रेंज आमच्या वाडीत नावापुरती (कंपनीचं नाव घेत नाही, तुमच्या गावात कदाचित तीच भारी चालत असेल). बोलायचं म्हटलं की अण्णा संध्याकाळी सड्यावर (वाडीच्या वरचा कातळाचा माळ) चढायचे, तिथे कलमांच्या पलीकडे एक ठराविक कातळ आहे, त्याच्यावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. एक पाऊल डावीकडे सरकलं की गेली. पावसाळ्यात छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि मी इकडे पुण्यात "हॅलो अण्णा, हॅलो" करत बसलेली.

मे महिन्यात गेले होते तेव्हा शेजारच्या काकू चुलीपुढे बसून सुनेशी निवांत व्हिडिओ कॉल करताना दिसल्या. मी विचारलं कुठलं सिम, तर म्हणाल्या जिओचं, पलीकडच्या डोंगरावर टॉवर झालाय ना. झालं, मी तिथेच ठरवलं की अण्णांचा नंबर पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. नंबर तोच हवा होता कारण पेन्शनची बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबरावर, बदलायचा म्हटलं तर अण्णा जेवणार नाहीत दोन दिवस.

पण एकदा पोर्ट केला की पुढचे ९० दिवस परत दुसरीकडे जाता येत नाही. म्हणजे फोन नवीन नेटवर्कवर चालला नाही तर तीन महिने बोंब. आणि अण्णांकडे फोन कुठला, तर मावसभावाने न्यू जर्सीहून येताना आणलेला त्याचा जुना अँड्रॉइड. चकाचक, कॅमेरा झकास, अण्णा त्याला पिशवीत घालून ठेवतात असा. घराजवळच्या मोबाईलवाल्याला विचारलं हा नवीन नेटवर्कवर चालेल का, तर त्याने फोन हातात पण न घेता सांगितलं, "मॅडम फोरजी आहे ना? मग पळणार." मला ते "पळणार" काही पटलं नाही.

म्हणून पोर्ट करायच्या आधी मी जिओचं एक साधं प्रीपेड सिम माझ्या नावावर घेतलं, नवीन नंबर, फक्त टेस्टिंगसाठी. एक रिचार्ज वाया जाईल म्हटलं, जाऊ दे. हे मी केलं नसतं तर हा सगळा लेख वेगळाच, रडत लिहिला असता.

पहिलं म्हणजे लॉक. अमेरिकेत बरेच फोन कंपनीकडून हप्त्यावर घेतलेले असतात आणि त्या कंपनीलाच लॉक असतात, दुसरं सिम घातलं की कोड मागतात नाहीतर सरळ नाही म्हणतात. आमच्याने सिम गपचूप घेतलं, म्हणजे अनलॉक. (आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाऊटमध्ये खाली बघायचं, "नो सिम रिस्ट्रिक्शन्स" लिहिलेलं असलं की सुटलात. आणि अमेरिकेतून कोणी १४ किंवा त्यापुढचा आयफोन देत असेल तर लक्षात ठेवा, तिकडच्या मॉडेलला सिम घालायला जागाच नसते, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं.)

मग बँड, म्हणजे टॉवर आणि फोन ज्या फ्रिक्वेन्सीवर एकमेकांशी बोलतात तो पट्टा. इथे मी एक रविवार घालवला पण मजा आली खरं सांगायचं तर. आपल्याकडे जिओचं फोरजी तीन बँडवर चालतं, ३, ५ आणि ४०, म्हणजे १८००, ८५० आणि २३०० मेगाहर्ट्झ. अमेरिकेतल्या कंपन्यांचे बँड वेगळे, २, ४, १२, १३, ६६ वगैरे. फोनमध्ये ज्या बँडचा सपोर्ट नाही त्या बँडचा टॉवर घराच्या पडवीत आणून उभा केला तरी फोनला तो दिसणार नाही. आणि गंमत म्हणजे एकाच नावाचा फोन भारतात वेगळ्या बँडचा आणि अमेरिकेत वेगळ्या बँडचा विकतात, म्हणून नुसतं नाव टाकून शोधलं तर भलतीच यादी हाती लागते, सेटिंग्जमध्ये अबाऊट फोनला जाऊन मॉडेल नंबर बघायचा आणि त्या नंबरावरून शोधायचं. शेवटच्या एका अक्षरात फरक असतो बघा. अण्णांच्या फोनच्या यादीत ३ नाही, ४० नाही, ५ मात्र होता. एकच. पण तो एक म्हणजे ८५० वाला, आणि जितकी फ्रिक्वेन्सी कमी तितका सिग्नल लांब जातो आणि भिंतीतून आत शिरतो, आमच्या घराच्या जांभ्याच्या भिंती दीड हात जाड, तिथे २३०० वाला तसाही पडवीतच बसला असता. मी म्हटलं गावात पाच नंबर मिळाला की जिंकलो.

पुण्यात टेस्ट करून उपयोग नव्हता, पुण्यात टॉवर ढीगभर. शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडली, सिम माझ्या पर्समध्ये. घरी पोचल्या पोचल्या चहाच्या आधी सिम घातलं. नेटमॉन्स्टर नावाचं एक ॲप आहे, ते आपण कुठल्या टॉवरवर, कुठल्या बँडवर आहोत ते दाखवतं, ते उघडून मी माजघरात उभी, आणि स्क्रीनवर बँड ५! चार काड्या! व्हॉट्सॲपवर भावाला व्हिडिओ कॉल लावला, लागला, त्याचा चेहरा एकदम स्वच्छ. मी नाचायचीच बाकी होते. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "बाय, जरा साधा फोन लावून बघ, मला तो चेहरेबिहरे काही नको."

लावला. आईच्या फोनवर. दोन सेकंद काहीच नाही आणि कट. परत लावला, कट. फोन बंद करून चालू केला, सिम काढून पुसून घातलं, एअरप्लेन मोड लावून काढला, जे जे आपण सगळे करतो ते केलं. वरती चार काड्या तशाच, यूट्यूब चालतंय, आणि साधा कॉल जाईना. आईच्या फोनवरून इकडे लावला तर बाई सांगते संपर्क होऊ शकत नाही. अण्णा काही बोलले नाहीत, चप्पल घालून सड्याकडे निघाले.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचाच राग आला, कारण बँडच्या नादात मी मुख्य गोष्टच बघितली नव्हती. जिओला टूजी, थ्रीजी नाहीच. ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेच नुसतं फोरजीवर (फाईव्हजी नंतर आलं), त्यामुळे साधा आवाजाचा कॉलसुद्धा इंटरनेटसारखाच फोरजीवरून जातो, त्याला व्होल्टीई म्हणतात. आणि व्होल्टीई नुसता फोनमध्ये असून भागत नाही, त्या त्या कंपनीचं सेटिंग फोन बनवणाऱ्याने सॉफ्टवेअरमध्ये टाकलेलं असावं लागतं. अमेरिकेच्या बाजारासाठी केलेल्या मॉडेलमध्ये तिकडच्या कंपन्यांची सेटिंग्ज असतात, इकडच्या कंपनीची कोण कशाला टाकेल. मग इतके दिवस जुन्या सिमवर कसा चालत होता? तर त्या कंपनीकडे टूजी आहे, कॉल आला की फोन गुपचूप टूजीवर उतरायचा, म्हणून ही खोट कधी दिसलीच नाही. थोडक्यात फोनचा दोष, नेटवर्कचा नाही.

तरी हार मानायची नाही म्हणून सकाळी डायलरवर स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार टाकलं, त्याने अँड्रॉइडचा एक छुपा मेनू उघडतो, त्यात फोन इन्फॉर्मेशनमध्ये व्होल्टीईचं बटण असतं. बटण होतं, पण फिकट, दाबलं जात नव्हतं. अजून एक कोड सापडला, ८६५८३ वाला (कीपॅडवर बघा, व्होल्टीईचीच इंग्रजी अक्षरं आहेत ती), पण तो एका चिनी कंपनीच्या फोनपुरता, आमच्याकडे काहीच हललं नाही. कोणीतरी फोन रूट करा (कंपनीचं कुलूप तोडून फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरा) म्हणून लिहिलं होतं, पण अण्णांच्या पेन्शनच्या फोनवर असले प्रयोग करायची माझी टाप नाही.

शेवटी माझ्या पर्समधला माझाच जुना फोन काढला. पुण्यात घेतलेला, एक कोपरा तडकलेला, मी फक्त गाणी ऐकायला वापरायचे. बँड १, ३, ५, ८, ४०, ४१ सगळे, वरती व्होल्टीईची खूण सिम घातल्याबरोबर. माजघरातून आईला लावला, आई अंगणात, आणि घंटी वाजली. या वेळी मात्र मी लगेच नाचले नाही. दोन दिवस मुद्दाम सगळं करून बघितलं, माजघर, पडवी, न्हाणीघर, खाली विहिरीपाशी, येणारे कॉल, दहा-दहा मिनिटांचे लांब कॉल, बँकेसारखे एसएमएस येतात का ते. दुसऱ्या दिवशी लाईट गेली ती एक बरीच टेस्ट झाली, टॉवर बॅटरीवर तीनेक तास टिकला आणि मग काड्या गेल्या. म्हणजे लाईट लांबली की फोन पण गेला, हे अण्णांना तेव्हाच सांगून ठेवलं.

मग पोर्ट. त्यासाठी इंग्रजीत पोर्ट लिहून, स्पेस देऊन आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज पाठवायचा, पण तो जुन्या सिमवरूनच, म्हणजे रेंज पाहिजे, म्हणजे परत कातळ! मी आणि अण्णा दोघं चढलो, मेसेज पाठवला, आठ अक्षरांचा कोड आला, चार दिवस चालतो तो. दुसऱ्या दिवशी देवरुखला दुकानात आधार घेऊन गेलो. तिथे अण्णांचा अंगठा मशीन घेईना, शेतातल्या कामाने रेषाच गेल्यात, आठ-दहा वेळा पुसून दाबून शेवटी मधलं बोट चाललं. दुकानातला मुलगा मात्र शांत होता, रोजचंच असावं त्याला. नंबर मुंबई सर्कलचा (सर्कल म्हणजे फोन कंपन्यांचे विभाग) आणि आम्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, त्यामुळे तीन नाही, पाच कामाचे दिवस लागतील म्हणाला, मध्ये रविवार आलाच. तोपर्यंत जुनं सिम चालू ठेवायचं, ते बंद पडलं की नवीन घालायचं. सहाव्या रात्री जुनं मेलं, सकाळी नवीन सुरू.

अमेरिकेचा फोन आता आईकडे आहे, सिमशिवाय, अण्णांच्या हॉटस्पॉटवर ती त्यात कीर्तनं ऐकते. आणि तिची तक्रार अशी की सड्यावर असताना ओरडून बोलायची अण्णांना सवय लागली ती गेलेली नाही, माजघरात बसून तसंच ओरडतात, परवा मला म्हणाली तुझा तो टॉवर जरा कमी करता येतो का बघ.