आमची वाटचाल : कच्च्या लिंबांच्या जोरावर

आमच्या क्लासमध्ये साल्सा, बचाटा आणि वॉल्ट्झ हे जोडीने नाचायचे प्रकार शिकवतात. सुरुवात कशी झाली, बॅचेस कशा वाढल्या, हे सांगत बसत नाही. सगळ्यांचं साधारण तेच असतं. क्लास बुडता बुडता वाचला, ते मात्र सांगायलाच हवं.

पहिल्या दिवसापासून माझ्यासोबत शिकवणारा भागीदार वेगळा झाला. होऊ दे, माझं काही म्हणणं नव्हतं. पण जाताना अख्खी ॲडव्हान्स बॅच घेऊन गेला आणि हाकेच्या अंतरावर हॉल घेऊन बोर्ड लावला, ‘पहिल्याच आठवड्यात टर्न्स आणि डिप्स’. (डिप म्हणजे जोडीदाराला हातावर मागे झुकवणं.) माझ्याकडे उरली ती कच्ची लिंबं. साल्साच्या आठ ठोक्यांत ‘चार’वर थांबायचं तिथे पाऊल टाकणारी, जोडीदाराच्या पायावर पाय देणारी, मान खाली घालून स्वतःचे बूट बघत नाचणारी. ‘ह्यांचं काही होणार नाही, तू ठेव’ असं तो सगळ्यांसमोर म्हणाला होता. हे अजून डोक्यातून जात नाही.

भाडं थकलं. मोठे स्पीकर विकले. लाकडी फ्लोअरलाही गिऱ्हाईक आलं होतं, ते मी दारातूनच परत पाठवलं. पट्ट्यांवर फळ्या ठोकून केलेला, खाली पोकळी असलेला फ्लोअर पावलाचा दणका स्वतः घेतो. फरशीवर तोच दणका गुडघे आणि पोटऱ्या खातात. नवशिक्याचे पाय दुखले की त्याला वाटतं आपलं वय झालं. वय नाही हो, फरशी!

त्या बॅचमध्ये एक काका होते. दर तिसऱ्या पावलाला ‘सॉरी’. त्यांना ‘एक’, म्हणजे मोजणीतला पहिला ठोका, सापडायचाच नाही. एकदा म्हणाले, ‘‘सर, माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होतो, मी थांबतो.’’ मी त्यांचे टर्न्स बंद केले, हात सोडायला लावले आणि गाणं हळू करून नुसता कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचा उंच ढोल, ऐकायला बसवलं. कोंगाचे दोन खुले ठोके जोडीने येतात, ‘चार’ला आणि लगेच त्याच्या मागोमाग, तसेच पुन्हा ‘आठ’ला. ते वाजले की पुढचा ठोका ‘पाच’ किंवा ‘एक’. काकांनी मांडीवर थाप मारून ते पक्कं केलं, मग जागच्या जागी वजन बदलायला लागले. तरी नेहमीच्या, मिनिटाला १८०च्या आसपास ठोके पडणाऱ्या साल्सात त्यांची दमछाक व्हायची. म्हणून मध्ये वॉल्ट्झ दिला. त्यात ८४ ते ९० ठोके, पाऊल टाकून श्वास घ्यायला वेळ मिळतो. काका टिकले. शिवाय त्या पडत्या काळात पुढची फी न मागता आणून देत राहिले.

आता न विचारलेलं सांगतो. लीड करणाऱ्यांनो, पहिले काही महिने तुम्ही मागे पडल्यासारखे वाटणारच. ताल धरायचा, पुढची स्टेप ठरवायची, ती हाताने वेळेत कळवायची आणि जोडीदाराला कुणावर आदळू द्यायचं नाही, हे सगळं एकदम तुमच्या गळ्यात असतं. फॉलो करणाऱ्यांची, म्हणजे तुमच्या इशाऱ्यावर नाचणाऱ्यांची, गाडी आधी सुसाट सुटते; त्यांची परीक्षा नंतर, जेव्हा पुढची स्टेप ओळखून आधीच वळायची खोड मोडावी लागते. तेव्हा एकमेकांशी तुलना नको. आणि जोडीने आला असाल तरी रोटेशनमध्ये, म्हणजे जोडीदार बदलत नाचायला, या. एकाच माणसाला सरावलात की त्याच्या चुकाही पाठ होतात.

भागीदाराच्या क्लासमधली मंडळी आता अधूनमधून आमच्याकडे येतात. डिप सुरेख, बेसिक डळमळीत. त्यांना बिगिनर बॅचमध्ये उभं करतो, बहुतेकदा काकांसमोर. तिथे मला थोडी मजा येते, खोटं कशाला बोलू.

येताना रबरी सोलचे बूट टाळा. टर्न घेताना पाऊल जमिनीला चिकटतं आणि पीळ गुडघ्यात जातो. स्वेडचा, म्हणजे लवदार चामड्याचा, सोल घ्या आणि तो गुळगुळीत झाला की तारेच्या ब्रशने घासा. फ्लोअरवर पावडर टाकू नका, दुसरा घसरतो. ब्रश दारामागे खिळ्याला असतो. वापरून झाला की जागेवर लावा, दर महिन्याला नवीन आणावा लागतो.